सोसायटीचा सिंकिंग फंड सहकारी बँकेत ठेवावा का?

नाइलाजाने_सचिव

नमस्कार. डोंबिवलीतील ८४ सदनिकांच्या एका गृहनिर्माण संस्थेचा मी गेल्या ऑगस्टपासून सचिव आहे. (निवडून आलो असे म्हणवत नाही. सर्वसाधारण सभेत चहा येण्याआधी मी फोन घेण्यासाठी बाहेर गेलो होतो; परत आलो तेव्हा ठराव मंजूर झालेला होता.)

संस्थेचा सिंकिंग फंड (इमारतीच्या पुनर्बांधणीसारख्या मोठ्या कामांसाठी साठवलेला निधी) आणि मोठ्या दुरुस्तीचा निधी मिळून ६२ लाख रुपये आहेत आणि ते सर्वच्या सर्व मुदत ठेवीच्या पाच पावत्यांच्या रूपाने एकाच नागरी सहकारी बँकेत आहेत. त्यांपैकी ३८ लाखांच्या तीन पावत्यांची मुदत पुढच्या महिन्यात संपते आहे. आमच्या अध्यक्षांचे म्हणणे असे, की आहे तिथेच नूतनीकरण करावे. राष्ट्रीयीकृत बँकेपेक्षा पाऊण टक्का व्याज जास्त मिळते, शाखाधिकारी ओळखीचे आहेत आणि तीस वर्षांत एकदाही अडचण आलेली नाही. मी त्या बँकेविरुद्ध काहीही ऐकलेले नाही, हे आधीच स्पष्ट करतो. तरीही रात्री ती पाच पावत्यांची फाईल कपाटात ठेवताना मला अस्वस्थ वाटते. माझी भीती अनाठायी आहे का, एवढेच विचारायचे आहे.

हिशोबनीस

सचिव महोदय, भीती अनाठायी नाही, फक्त ती आकड्यांत मांडायला हवी.

ठेव विमा महामंडळाचे, म्हणजे डीआयसीजीसीचे, संरक्षण ४ फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेत एका ठेवीदाराला पाच लाख रुपये आहे, आणि त्यात मुद्दल व व्याज दोन्ही आले. एकाच बँकेतील सर्व शाखा आणि सर्व पावत्या, त्या एकाच हक्काने ठेवलेल्या असतील तर, एकत्र मोजल्या जातात. आता आपल्या संस्थेत ८४ कुटुंबे आहेत. परंतु बँकेच्या लेखी ठेवीदार एकच आहे, तो म्हणजे संस्था. त्यामुळे पावत्या पाच असोत की पन्नास, विमा पाच लाखांचाच. उद्या काही घडले तर प्रत्येक घराच्या वाट्याला सहा हजारांपेक्षाही कमी विमा येतो.

आता दुसरी बाजू पाहा. ६२ लाखांवर पाऊण टक्का म्हणजे वर्षाला ४६,५०० रुपये, अर्थात एका घरामागे महिन्याला साधारण ४६ रुपये. उरलेले ५७ लाख विम्याविना ठेवण्याबद्दल आपल्याला ही एवढी बिदागी मिळते आहे.

तळ्यातमळ्यात

४६ रुपयांत आमच्याकडे इस्त्रीवाला चार शर्टही करून देत नाही.

मुलुंडचा_रहिवासी

अनुभव लिहितो. बँकेचे नाव लिहीत नाही, कारण प्रकरण आता मिटलेले आहे आणि मला नव्याने वाद नको आहे.

आमच्या इमारतीला दोन उद्वाहने आहेत. एक बंद पडले म्हणून ते बदलायचे ठरले, कंत्राटदाराला आगाऊ रकमेचा धनादेश दिला, आणि तो वटण्याआधीच बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले. सकाळी सव्वानऊ वाजता मी शाखेसमोर पोहोचलो तेव्हा शटर अर्धे उघडे होते आणि आत दिवे लागलेले होते. काचेवर ए-फोर आकाराचा एक कागद चिकटवलेला होता, त्याचा एक कोपरा सुटून फडफडत होता, आणि एक आजोबा तो कोपरा अंगठ्याने दाबून धरून बाकीच्यांना मजकूर वाचून दाखवत होते. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "म्हणजे बँक चालू आहे, फक्त पैसे मिळणार नाहीत." कोणीही हसले नाही.

आमच्यासाठी पैशांपेक्षा वाईट गोष्ट पुढे घडली. सातव्या मजल्यावरच्या एका काकूंचे गुडघ्याचे ऑपरेशन झालेले होते. त्या आठ महिने घराबाहेर पडल्या नाहीत. कंत्राटदाराला देण्यासाठी प्रत्येक घराकडून पुन्हा वर्गणी काढावी लागली, आणि ती मागायला मी दारोदार फिरलो. "आमचे पैसे तर तुमच्याकडे होतेच ना?" हे वाक्य मी त्या काळात किमान चाळीस वेळा ऐकले. सचिव महोदय, अध्यक्षांची ओळख शाखाधिकाऱ्यांशी असेल. दारावरची बेल मात्र तुम्हाला वाजवावी लागेल.

सातारकर

वरचा अनुभव वाचून वाईट वाटले, परंतु धागा एकतर्फी होऊ नये म्हणून लिहितो.

सहकारी बँक म्हणजे घोटाळा हे समीकरण मुंबई-पुण्याकडच्या बातम्यांनी रुजवलेले आहे. माझ्या वडिलांचे सायकल दुरुस्तीचे दुकान होते. १९८७ मध्ये त्यांनी गाळा घेण्यासाठी कर्ज मागितले, तेव्हा राष्ट्रीयीकृत बँकेच्या साहेबांनी त्यांना तीन वर्षांची विवरणपत्रे मागितली. वडिलांकडे विवरणपत्र तर सोडाच, पावतीपुस्तकही नव्हते. गावातील नागरी सहकारी बँकेच्या संचालकांपैकी एकजण स्वतःची सायकल त्यांच्याकडे दुरुस्तीला देत असत. त्यांना हा माणूस ठाऊक होता, आणि त्या भरवशावर कर्ज मंजूर झाले. एकही हप्ता चुकला नाही. असे हजारो गाळे, रिक्षा, पिठाच्या गिरण्या या बँकांनी उभ्या केलेल्या आहेत. प्रत्येक सोसायटीने आपला निधी काढून घेतला, तर पुढच्या सायकलवाल्याला कर्ज कुठून मिळणार?

आणि खासगी बँका काय धुतल्या तांदळासारख्या आहेत? ५ मार्च २०२० रोजी येस बँकेवर निर्बंध आले आणि ठेवीदाराला ५०,००० रुपयांपेक्षा जास्त काढता येईना, हे आपण विसरलो का?

हिशोबनीस

सातारकर, विसरलेलो नाही. मात्र त्या निर्बंधांचा शेवट कधी झाला तेही लक्षात घ्या. १८ मार्चला, म्हणजे तेरा दिवसांत, ते उठले, कारण स्टेट बँक आणि इतर बँकांनी भांडवल ओतले. लक्ष्मी विलास बँकेचे नोव्हेंबर २०२० मध्ये डीबीएस बँकेत विलीनीकरण झाले, तेव्हाही ठेवीदारांचे पैसे महिन्याभरात मोकळे झाले.

आता सहकारी बाजू पाहा. पुण्याच्या रुपी बँकेवर फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध आले आणि परवाना रद्द झाला सप्टेंबर २०२२ मध्ये. साडेनऊ वर्षे ठेवीदार आशेवर होते. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर २३ सप्टेंबर २०१९ रोजी निर्बंध आले तेव्हा पहिली मर्यादा एक हजार रुपयांची होती. ती वाढत वाढत जून २०२० मध्ये एक लाखावर गेली. जानेवारी २०२२ मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीनीकरण झाले, आणि किरकोळ ठेवीदाराला पाच लाखांवरची रक्कम दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळेल असे ठरले. संस्थात्मक ठेवीदारांचे तर विम्याबाहेरच्या रकमेपैकी ८० टक्के एक टक्का लाभांशाच्या प्राधान्य समभागांत बदलले गेले, म्हणजे रोख पैशांऐवजी समभाग हाती आले. आपली संस्था अशा दिवशी कोणत्या रकान्यात पडेल, हे आपण आधी ठरवू शकत नाही.

चोरी दोन्हीकडे होते, हे मान्य. फरक चोरीनंतरचा आहे. सहकारी बँकेचे समभाग बाजारात विकले जात नाहीत, एका सभासदाला एकच मत असते, आणि म्हणून संकटाच्या वेळी मोठे भांडवल घेऊन धावून येणारा कोणी मिळणे अवघड जाते. सहकाराचे जे भूषण, तेच अडचणीच्या दिवशी बेडी ठरते.

अकोल्याचा_वाचक

थोडे अवांतर. हा ठेव विमा मुळात आपल्याकडे आला तो १ जानेवारी १९६२ पासून, आणि त्याला निमित्त झाले १९६० साली बुडालेल्या दोन बँकांचे: केरळातील पलाई सेंट्रल बँक आणि आमच्या अकोल्याची लक्ष्मी बँक. तेव्हा मर्यादा होती १,५०० रुपये. १९९३ मध्ये ती एक लाख झाली आणि मग तब्बल २७ वर्षे तिथेच राहिली. त्या २७ वर्षांत सोने, घर, डाळ या सगळ्यांचे भाव कुठल्या कुठे गेले. ठेवीदाराची किंमत मात्र सरकारदरबारी तेवढीच राहिली. आमच्या आजोबांना लक्ष्मी बँकेची आठवण काढलेली चालत नसे. ते घरात रोख ठेवीत आणि त्याबद्दल आजी त्यांना बोलत असे, इतकेच मला माहीत आहे.

फ्रीमाँटहून

इकडे कॅलिफोर्नियात मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली. विम्याची मर्यादा अडीच लाख डॉलर, आणि आमच्या कंपनीची रक्कम त्याच्या कितीतरी पट. शुक्रवारी बँक बंद झाली, रविवारी सरकारने सर्व ठेवी सुरक्षित असल्याचे जाहीर केले, सोमवारी पैसे मिळाले. त्या शनिवारी डोंबिवलीतच राहणाऱ्या माझ्या मावशीने फोनवर विचारले, "तुमच्याकडेपण असं होतं होय?" तिच्या आवाजातील समाधान लपत नव्हते.

निवृत्त_शाखाधिकारी

मी एका नागरी सहकारी बँकेत ३१ वर्षे नोकरी केली आणि २०१८ मध्ये निवृत्त झालो. सातारकरांनी लिहिलेले सर्व खरे आहे आणि हिशोबनीस यांनी लिहिलेलेही खरे आहे. सचिवांना उपयोगी पडेल असे थोडे लिहितो.

वार्षिक अहवाल हातात आला की लोक मुखपृष्ठावरचा संस्थापकांचा फोटो आणि लाभांशाचा दर पाहतात. तुम्ही ढोबळ एनपीए, म्हणजे एकूण कर्जापैकी थकलेल्या कर्जाचे प्रमाण, पाहा. अहवालात "निव्वळ एनपीए शून्य टक्के" असे ठळक अक्षरांत छापलेले असते; त्याचा अर्थ थकीत कर्ज नाही असा होत नाही, तर थकीत कर्जाइतकी तरतूद केलेली आहे, असा होतो. त्यानंतर भांडवल पर्याप्ततेचे प्रमाण, म्हणजे जोखमीच्या कर्जांच्या तुलनेत बँकेचे स्वतःचे भांडवल किती, ते पाहा. सर्वांत छोट्या वर्गातील बँकांना ते नऊ टक्के पुरते, त्यावरच्या बँकांना ३१ मार्च २०२६ पर्यंत बारा टक्के गाठण्याचे बंधन घातले गेले. मग वीस मोठ्या कर्जदारांकडे एकूण कर्जापैकी किती आहे, ते पाहा. हा आकडा पाठीमागच्या टिपांमध्ये बारीक अक्षरांत असतो आणि सभेत त्याबद्दल कोणी विचारत नाही, कारण तोपर्यंत बाहेर डबे वाटायला सुरुवात झालेली असते.

परंतु प्रामाणिकपणे सांगतो, की हे सर्व पाहूनही खात्री मिळत नाही. पंजाब अँड महाराष्ट्र बँकेने मार्च २०१९ अखेर ढोबळ एनपीए ३.७६ टक्के दाखवला होता, जो कोणत्याही बँकेने अभिमानाने छापावा असा आहे. प्रत्यक्षात सुमारे ६,५०० कोटी, म्हणजे एकूण कर्जाच्या ७० टक्क्यांहून अधिक, एकाच बांधकाम उद्योगसमूहाकडे होते आणि ते लपवण्यासाठी २१,००० हून अधिक बनावट खाती तयार केलेली होती. वाचणारा कितीही हुशार असला तरी जे छापलेलेच नाही ते तो कसे वाचणार?

माझ्या काळात मार्चच्या शेवटच्या आठवड्यात शाखेत उशिरापर्यंत दिवे असत. थकलेल्या कर्जदाराला नवे कर्ज मंजूर करायचे, त्यातून जुने भरून घ्यायचे. याला आम्ही "नवे-जुने" म्हणत असू. कागदोपत्री वसुली झालेली असे. मी स्वतः अशा नोंदींवर सही केलेली आहे. वरून आलेले होते, असे म्हणता येईल, पण सही माझी होती.

तळ्यातमळ्यात

साहेब, डब्यांबद्दल लिहिलेत म्हणून विचारतो. आमच्या बँकेने गेल्या वर्षी डब्याऐवजी छत्री दिली. हा अधोगतीचा संकेत मानावा का?

निवृत्त_शाखाधिकारी

छत्रीवर संचालकांचे फोटो असतील तर मानावा.

वैदेही_नाशिक

या निमित्ताने एक कळकळीची सूचना. माझ्या आत्यांनी निवृत्तीची बरीचशी रक्कम एका पतसंस्थेत ठेवलेली होती आणि त्या अखेरपर्यंत तिला "बँक"च म्हणत. कार्यालय वातानुकूलित, काउंटर काचेचे, पासबुक छापील. त्यांनी बँक का म्हणू नये? परंतु पतसंस्था, मग ती मल्टिस्टेट असली तरी, बँक नव्हे आणि तिच्या ठेवींना डीआयसीजीसीचा एक रुपयाही विमा नाही. आत्यांना हे कळले ते पतसंस्थेला कुलूप लागल्यानंतर. ठेवीदारांच्या हितसंरक्षणाच्या १९९९ च्या राज्य कायद्याखाली, म्हणजे एमपीआयडीखाली, गुन्हा दाखल झाला, मालमत्ता जप्त झाल्या. त्यांचा लिलाव होऊन पैसे हातात पडण्याची वाट पाहणे हा आत्यांचा सध्याचा उद्योग आहे. त्यांचे वय ७६ आहे.

म्हणून आधी सचिवांनी आपली "बँक" रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेली बँक आहे, एवढे तरी तपासावे.

नाइलाजाने_सचिव

वैदेहीताई, तपासले. परवाना आहे, विमाधारक बँकांच्या यादीत नाव आहे. सर्वांचे आभार.

अध्यक्षांना हा धागा वाचून दाखवला. त्यांचे दोन आक्षेप आहेत. पहिला असा, की सहकारी संस्थेने सहकारी बँकेतच पैसे ठेवावेत असा कायदाच आहे. दुसरा असा, की सहकारी बँकेच्या व्याजावर संस्थेला प्राप्तिकर लागत नाही, तो फायदा आपण सोडून देणार का?

हिशोबनीस

दोन्हींत अर्धे तथ्य आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७० मध्ये संस्थेने निधी कुठे गुंतवावा ते दिलेले आहे आणि जिल्हा मध्यवर्ती व राज्य सहकारी बँकेची नावे त्यात आहेत. म्हणून राष्ट्रीयीकृत बँकेत मोठी रक्कम नेण्याआधी सर्वसाधारण सभेचा ठराव करा, लेखापरीक्षकांचे मत लेखी घ्या आणि उपनिबंधक कार्यालयाला पत्र देऊन त्याची पोच जपून ठेवा. परंतु "हीच नागरी बँक आणि सगळी रक्कम तिच्यातच" असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही.

कराचे म्हणाल, तर १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम ८०पी(२)(डी) प्रमाणे एका सहकारी संस्थेला दुसऱ्या सहकारी संस्थेतील गुंतवणुकीवर मिळालेल्या व्याजाची वजावट मिळत आली. सहकारी बँक ही त्या अर्थाने सहकारी संस्था आहे का, यावर प्राप्तिकर खात्याने वर्षानुवर्षे वाद घातले. अपील न्यायाधिकरणाचे अनेक निर्णय संस्थांच्या बाजूने आहेत, तरी नोटीस येते आणि ती निस्तरण्याचे शुल्क आम्ही घेतो. हा फायदा खरा आहे आणि पाऊण टक्क्यापेक्षा मोठा आहे, हे मी नाकारत नाही. ६२ लाखांवर सात टक्क्यांनी व्याज धरले तर ते ४ लाख ३४ हजार होते. त्यावरचा कर हा विचारात घेण्याजोगा आकडा आहे. माझी ४६ रुपयांची बिदागी त्यामुळे वाढते. पण विमा पाच लाखांचाच राहतो.

सातारकर

म्हणजे ४६ रुपयांवर इतके विनोद झाल्यावर हिशोब बदलला! असो. हिशोबनीस यांनी स्वतःहून दुरुस्ती केली याचे कौतुक आहे.

मलाही माझे म्हणणे थोडे सुधारायचे आहे. सायकलवाल्याला कर्ज देण्याची जबाबदारी सोसायटीच्या दुरुस्ती निधीवर टाकता येत नाही, हे मुलुंडच्या काकूंबद्दल वाचल्यावर पटले. तो भार भागभांडवल देणाऱ्या सभासदांनी उचलायला हवा. पण मग नियामकाने काय करायचे? १ मार्च १९६६ पासून या बँका बँकिंगच्या कायद्याखाली आहेत, आणि तरी २०२० च्या दुरुस्तीपर्यंत संचालक मंडळावर रिझर्व्ह बँकेचा हात पूर्णपणे पोहोचत नव्हता. निवडणूक सहकार खात्याकडे, बँकिंग रिझर्व्ह बँकेकडे. दोघांच्या भांडणात बँक मधल्या मध्ये मोकाट.

पुणेकर_परखड

आणि आता पोहोचतो, त्याने काय झाले? संचालकांना व त्यांच्या नातेवाइकांना कर्ज देण्यावर २००३ पासूनच बंदी आहे. तेव्हापासून कर्ज मेहुण्याच्या व्याह्याला मिळते. संचालकांची सलग मुदत आठ वर्षांची होती, ती १ ऑगस्ट २०२५ पासून दहा करण्यात आली. दहा वर्षे संपली की चिरंजीव उभे राहतील. तालुक्याच्या राजकारणात बँक म्हणजे तिकिटाच्या आधीची पायरी आहे आणि ती पायरी कोणताही पक्ष मोडणार नाही, कारण सर्वांचे कार्यकर्ते तिच्यावरच उभे आहेत.

निवृत्त_शाखाधिकारी

परखड भाऊ, तुमचे बरेचसे मान्य. तरी एक नोंदवतो. न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेत १२२ कोटींचा अपहार उघडकीस आला आणि १३ फेब्रुवारी २०२५ रोजी निर्बंध आले. ४ ऑगस्ट २०२५ रोजी ती सारस्वत बँकेत विलीन झाली. सहा महिन्यांच्या आत. शिवाय २०२१ च्या दुरुस्तीमुळे निर्बंध लागल्यापासून नव्वद दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद झालेली आहे; पूर्वी परवाना रद्द होईपर्यंत तीही मिळत नसे. रुपी बँकेची साडेनऊ वर्षे आणि हे सहा महिने, यांत काहीच फरक नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. आणि वाचवणारी सारस्वत बँकही सहकारीच आहे.

पुणेकर_परखड

प्रत्येक वेळी सारस्वत बँक रिकामी बसलेली असेलच असे नाही.

मुलुंडचा_रहिवासी

सचिव महोदय, सभेचे काय झाले ते अवश्य कळवा.

नाइलाजाने_सचिव

काल विशेष सर्वसाधारण सभा झाली. दोन तास चालली. त्यांतली पहिली चाळीस मिनिटे पार्किंगवर गेली.

मुदत संपणाऱ्या ३८ लाखांपैकी प्रत्येकी ४ लाख ६० हजार दोन वेगळ्या सहकारी बँकांत (व्याज धरूनही पाच लाखांच्या आत राहील असे) आणि उरलेले २८ लाख ८० हजार राष्ट्रीयीकृत बँकेत ठेवण्याचा ठराव ४१ विरुद्ध १७ मतांनी मंजूर झाला. तळमजल्यावरच्या एका सदस्यांनी सर्वच रक्कम पाच-पाच लाखांत विभागावी अशी उपसूचना मांडली. त्यासाठी तेरा-चौदा बँका लागतील असे मी सांगितल्यावर त्यांनी विचारले, "मग? सचिवांना दुसरे काय काम आहे?" उपसूचना चार मतांनी पडली.

उरलेल्या २४ लाखांच्या दोन पावत्या मुदतीआधी मोडू नयेत, कारण त्यावर दंड बसतो, असे बहुमताने ठरले. ते मला पटलेले नाही आणि तसे मी इतिवृत्तात नोंदवले आहे. त्यांची मुदत येत्या जानेवारीत संपते.

अध्यक्ष सभेनंतर माझ्याशी बोलले नाहीत. आज सकाळी मात्र त्यांनी स्वतःहून संस्थेच्या पॅनकार्डाच्या, नोंदणी प्रमाणपत्राच्या आणि ठरावाच्या साक्षांकित प्रतींचे तीन संच करून माझ्या दाराशी आणून दिले. चौथा संच लागेल का, असेही विचारले.